डाव्या दंडावरची डबल बेल

खाट नंबर सातवरची मुलगी बरी झाली. केस परत आले, शाळा सुरू झाली, पहिल्याच आठवड्यात ती कुणाला तरी चावली. पण हे भालचंद्र खोतांना कुणी कळवलं नाही. तेव्हा आपल्यालाही ठाऊक नाही असं धरून चालू.

खोतकाका एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर मिरजेतल्या एका इस्पितळाच्या तळघरात, दर मंगळवारी खुर्चीत बसून सुईची कळ सोसायची, हे त्यांचं काम. सुई टोचत असत तीन मजले वर, कॅन्सरच्या उपचाराला आलेल्या मुलांना.

या सोयीला वेदनावळण म्हणत. दंडातून मेंदूकडे निघालेली कळ खांद्यावरची पट्टी वाटेतच अडवते आणि दुसऱ्याच्या दंडात सोडते. पाटाचं पाणी शेजारच्या वाफ्यात वळवावं तशी. म्हणून कळ घेणाऱ्याला सगळे वाफाच म्हणत. काका वाफा क्रमांक चार.

"पण आईबापच का बसत नाहीत इथं?" त्यांनी पहिल्या दिवशी डॉ. शर्वरी मगदूमना विचारलं होतं. यंत्र त्यांचंच.

"बसवलं होतं की, काका. पण पाट थोडा उलटाही वाहतो. आयांची भीती वर चढली. पोरं दुखत नसताना किंचाळायला लागली."

"मग?"

"मग ज्यांना कुणाचीच काळजी नाही, अशी माणसं शोधली."

मुलाखतीत प्रश्न एकच होता: घरी तुमची वाट कोण बघतं? काका म्हणाले होते, "समोरच्यांचं मांजर. तेही दुधापुरतं." त्यांना शंभरपैकी शंभर गुण पडले.

मुलांची नावं विचारायची नाहीत, असा नियम होता. सात नंबरची पहिली कळ आली ती थरथरतच. काकांचा हात सवयीनं हलला. अडलेली गाडी काढायची तर दोनदा घंटी द्यायची. त्यांनी आपल्या डाव्या दंडावर बोटानं टकटक केली. टण् टण्. चला.

पुढच्या मंगळवारी सुईआधीच त्यांच्या दंडावर, कुणी नसताना, एक टिचकी पडली. टण्.

"थांबा!" काका ओरडले. "सिंगल बेल आहे. गाडी थांबवा."

"कुठली गाडी?" डॉक्टर दचकल्या.

"सात नंबर तयार नाही अजून. वर सांगा."

वर सुई थांबली. मिनिटभरानं दंडावर दोन टिचक्या आल्या, मग कळ. नर्स म्हणाली, पोरगी आपलाच दंड बडवते नि खुदकन हसते.

दोन वर्षं असं चाललं. काका सोमवारीच दाढी करू लागले. मंगळवारी इस्त्रीचा शर्ट, अर्ध्या बाह्यांचा.

मग एका मंगळवारी कळ आलीच नाही. नुसती डबल बेल आली. नंतर काही नाही.

"सात बंद झाली, काका," डॉक्टर म्हणाल्या.

"बंद म्हणजे? शेवटच्या स्टॉपला उतरली, की मधेच?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "सांगता येत नाही. तुम्हाला आनंद झाला तरी तो वर जातो, दुःख झालं तरी जातं. पुढची आठ नंबरची सुई आहे."

आठ नंबरला सुई कळलीसुद्धा नाही. तो हुंदके देऊन रडला. आईनं विचारलं तर म्हणाला, "दुखत नाही गं. कुणीतरी गेलंय."

त्याच दुपारी वाफा क्रमांक चार रद्द झाला. शेऱ्यात लिहिलं होतं: सदर इसम आता एकटा राहिलेला नाही.

काका घरी आले. कुलूप उघडलं. मांजरही नव्हतं. त्यांनी कागद घेतला.

"मा. अधीक्षक यांस. विषय: वळण कायम ठेवणेबाबत. खाट क्रमांक सातवरील प्रवाशास यापुढे आयुष्यात कधीही काटा रुतल्यास, विळीने बोट कापल्यास अथवा दारात बोट चेंगरल्यास, सदर कळ प्रचलित पद्धतीने अर्जदाराच्या डाव्या दंडाकडे पाठवण्यात यावी, ही विनंती. वेळेची अट नाही. अर्जदार घरीच असतो."