उतरणीच्या सात थापा

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीच्या, अनुसयाच्या बाबतीत घडली. मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

गेल्या वर्षीचा मार्च. सोमवार, दुपारचे पावणेतीन. सुरतेतलं एक संग्रहालय. सोमवारी ते बंद असतं.

अनुसयाचा नवरा श्रीरंग सुरतेतच उधन्याला कापडाच्या लूमवर कामाला. मूळचा साक्रीकडचा. त्याचं घराणं भोवाड्यात, म्हणजे गावच्या मुखवट्यांच्या नाचात, नरसिंहाचं सोंग नाचवायचं. सोंग म्हणजे जड लाकडी मुखवटा. संग्रहालयाने स्थानिक कलाकारांना सहा महिने मार्गदर्शन द्यायचं ठरवलं, त्यात श्रीरंगची निवड झाली. रविवारी प्रयोग होता. लूमखात्याबाहेर कुणी त्याचं नाव पुकारणार होतं, ते आयुष्यात पहिल्यांदाच.

घराण्याचा नियम एकच. शेवटी संबळवाला उतरणीच्या सात थापा देतो. त्या पडल्याशिवाय सोंग उतरवायचं नाही.

संबळ वाजवायचे अनुसयाचे सासरे, दगाआबा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचं एकच रेकॉर्डिंग अनुसयाच्या मोबाइलमध्ये होतं.

मार्गदर्शक शैलजाताई हसून म्हणाल्या होत्या, “श्रीरंगभाऊ, बारा मिनिटं झाली की सुरतेच्या माणसाला नाश्त्याचा लोचो आठवतो. शेवट कापा.”

“तो कापत नसतात, ताई.”

“मग प्रयोगाच्या यादीतून नाव जाईल हो!”

रेकॉर्डिंगचा शेवट, त्या सात थापांसकट, अनुसयाने कापला. त्याला न सांगता. मोबाइलमध्ये जागा नव्हती, म्हणून मूळ फाइलही पुसून टाकली.

त्या सोमवारी तालमीला हॉलमध्ये तिघंच होती. शैलजाताई चहा आणायला खाली गेल्या. श्रीरंगने सोंग चढवलं. अनुसयाने रेकॉर्डिंग लावलं.

अकरा मिनिटं चाळीस सेकंद. रेकॉर्डिंग संपलं.

श्रीरंग थांबला नाही.

“अहो, संपलं की!”

पावलं पडतच राहिली... त्याच लयीत.

तिला वाटलं, थट्टा करतोय. “पुरे हो नरसिंहराव, चहा येतोय.”

मुखवट्याच्या आतून दमलेला आवाज आला.

“आबा वाजाडी राह्यना... कसा थांबू?”

हॉलमध्ये काहीच वाजत नव्हतं. पंखासुद्धा बंद होता.

तिने दोन्ही हातांनी सोंग धरलं. ते हलेना. पण तळव्यांना लाकडातून थरथर जाणवली... डावी थाप, उजवी थाप. कानाला मात्र काही नाही.

शैलजाताई आल्या. चहाचे ग्लास हातातून पडले. दोघींनी त्याला कव घातली. त्याने दोघींना ओढत नेलं.

नाच सुरू होऊन वीस मिनिटं झाली. टाचा फुटल्या. फरशीवर लाल ठसे उमटले.

“अनु... पाणी...”

पाणी द्यायला तोंड कुठे होतं?

अनुसयाने कोपऱ्यातला रिकामा पाण्याचा जार उपडा घातला. वर्षानुवर्षं ऐकलेल्या त्या सात थापा हातांनी आठवू लागली.

चुकलं.

पुन्हा.

पुन्हा चुकलं.

श्रीरंगचा श्वास आता शिट्टीसारखा वाजत होता.

तिने फरशीवर कपाळ टेकलं. “आबा, मी कापलं! त्याला काही माहीत नव्हतं. सोडा ना आबा... तुमचंच पोर आहे ते.”

श्रीरंगची पावलं हवेतच अडखळली.

मोबाइल स्टुलावर पडला होता. स्क्रीन काळी.

त्यातून थाप आली...

एक.

मग दुसरी. संथ, जड. आबांच्या हाताची.

शेवटची थाप पडली आणि सोंग आपोआप घरंगळून फरशीवर आलं. श्रीरंग त्याच्या शेजारी कोसळला.

तो नऊ दिवस दवाखान्यात होता. रविवारचा प्रयोग त्याच्याविनाच झाला.

फाइल मी स्वतः तपासली. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. पुढे काही नाही. हॉलमधल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या चित्रणात आवाज नाही, पण त्यात श्रीरंग एकतीस मिनिटं नाचलेला दिसतो.

दोघींना मी वेगवेगळं विचारलं, थापा किती ऐकल्या?

दोघींचं उत्तर एकच. सहा.

सोंग आता ट्रंकेत आहे, दोरीने बांधलेलं. श्रीरंग रात्रपाळी करून दुपारी झोपतो. पावणेतीनच्या सुमारास चादरीखाली त्याचा उजवा पाय हलायला लागतो... लयीत.

अनुसया तो पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून बसते.

रोज.