दहापैकी किती खात्री?

डबा हलवला की आत काहीतरी गडगडत होतं, आणि ते काय आहे हे कस्तुरीला पक्कं ठाऊक होतं. फक्त टिटवीला सांगायचं की झालं!

टिटवी म्हणजे पक्षी नव्हे बरं का. कस्तुरीच्या आबांनी बनवलेलं कळशीएवढं, चालतं-बोलतं यंत्र. एखादी गोष्ट पटली नाही की ते ‘टिव-टिव’ ओरडायचं, म्हणून हे नाव. आबा भूवैज्ञानिक (खडक आणि माती यांचा अभ्यास करणारे). लोणारच्या विवराच्या (अशनी आदळून पडलेल्या अवाढव्य खड्ड्याच्या) काठावर त्यांची छोटीशी प्रयोगशाळा होती. खाली विवरात खारट पाण्याचं तळं. उद्या सकाळी टिटवी त्या तळ्याच्या तळाशी जाऊन जुना गाळ आणणार होती. तिच्या सोबतीला वर तराफ्यावर एक विद्यार्थी हवा होता. एकच! शाळेने दोन नावं पाठवली होती, कस्तुरी डोईफोडे आणि शबनम पठाण. दोघी एकाच वर्गातल्या.

कस्तुरीने तर तराफ्यावर कुठली टोपी घालायची तेसुद्धा ठरवून टाकलं होतं. सरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी ती. तिला कोण हरवणार? शबनम? ती तर निम्म्या वेळा “नाही माहीत, सर,” म्हणून खाली बसायची.

“आबा, टिटवीच्या कानात माझं नाव सांगा ना हळूच,” कस्तुरीने लाडीगोडी लावून पाहिली होती.

“आबा तुझा मी आहे, टिटवी नाही,” आबा मिशीत हसले होते. “तिला हवा तो हुशार माणूस तीच निवडेल.”

टिटवीची परीक्षा अगदी साधी होती. बंद डबा उघडायचा नाही. आत काय आहे ते सांगायचं आणि दहापैकी किती खात्री आहे, तेही सांगायचं. उत्तर बरोबर आलं तर खात्रीइतके गुण मिळणार. चुकलं तर त्याच्या दुप्पट जाणार.

“गोटी!” कस्तुरी ओरडली. “दहापैकी दहा!”

शबनमने डबा हातात घेतला. आडवा कलवला, गडगड झाली. उभा कलवला, नुसती सर्रकन घसर. पुन्हा आडवा. पुन्हा उभा.

“अगं, किती वेळ? त्याची खिचडी शिजवतेस का?” कस्तुरी म्हणाली.

“थांब ना बाप्पा! एका बाजूला गडगडतं, दुसऱ्या बाजूला नाही. गोटी असती तर सगळीकडे गडगडली असती.” शबनमने कंपासपेटीच्या झाकणातलं चुंबक काढून डब्यावरून फिरवलं. आतून ‘टक्’ असा आवाज आला. “लोखंडी आहे. लांबट, गोलसर... घड्याळातला सेल असावा. सात.”

टिटवीने झाकण उघडलं. आत सेल होता.

कस्तुरीचे कान लालबुंद झाले. पहिल्याच फटक्यात वीस गुण गेले! टोपी, तराफा, सगळं तळ्यात बुडताना दिसलं तिला.

“पण आबा, खात्री का विचारायची?” ती कुरकुरली.

आबांनी तिला जवळ बसवलं. “हे बघ. आवाज आला, घसरलं, चुंबकाला चिकटलं, या झाल्या खुणा. खुणांवरून जे न दिसलेलं ओळखतो, ते अनुमान. आणि त्या अनुमानावर किती विसंबायचं, ती खात्री. खुणा थोड्या तर खात्री थोडी. खुणा वाढल्या की तीही वाढवायची. तुझ्याकडे खूण एक होती आणि खात्री दहा!”

“मी तर जोरात बोलले म्हणून मलाच खरं वाटलं,” कस्तुरी म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं.

दुसरा डबा आला. या वेळी तिने तोंड घट्ट मिटून डबा हलवला. “खडा वाटतो. पाच.”

“सगळ्या बाजूंनी कलवून बघितलास?” शबनमने विचारलं.

नव्हता बघितला. आता बघितला. आडवा, उभा, तिरका. सगळीकडे सारखीच गडगड! चुंबकही लावून झालं, पण आत काही हललं नाही.

कस्तुरीने कपाळावर हात मारला. “आता गोटी म्हणायची माझी हिंमत नाही. पण खुणा तर गोटीच्याच आहेत! खडा रद्द. गोटी. आठ.”

“मत बदललं,” टिटवीचा हिरवा दिवा लागला. “कारणासकट बदललं.”

“उघड ना आता!”

“नाही उघडणार. तळ्याचा तळ कुठे उघडून बघता येतो? आता शेवटचा प्रश्न. तुम्हा दोघींत हुशार कोण?”

कस्तुरीच्या जिभेवर स्वतःचं नाव तयारच होतं. तिने तेही डब्यासारखं कलवून बघितलं. कधी नव्हे ते शबनमचं “नाही माहीत, सर” तिला वेगळंच ऐकू आलं. ठाऊक नसेल तर तसं सांगणारी आणि मग शोधून काढणारी ती.

“शबनम,” ती म्हणाली. “दहापैकी नऊ.”

“एक कुठे गेला?” आबांनी विचारलं.

“तो माझ्याजवळ असू दे!”

सगळे खदखदून हसले. टिटवीने शबनमला निवडलं. शबनम मात्र लगेच म्हणाली, “कस्तुरीला काठावर रेडिओवर बसवा ना. मला धडाधड सुचत नाही. तिला सुचतं. मी तपासत जाईन.”

दुसऱ्या दिवशी ऊन चढता चढता टिटवी तळाशी पोचली. गढूळ गाळात तिच्या कॅमेऱ्याला काहीच दिसेना. टोपी घालून काठावर बसलेल्या कस्तुरीच्या कानात तिचा आवाज आला. “काहीतरी टणक लागलं आहे. काय असेल?”

अशनीचा तुकडा! दहापैकी दहा! कस्तुरीच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने ते तिथेच धरून ठेवलं, तराफ्यावरच्या शबनमला हात हलवला आणि रेडिओचं बटण दाबलं.

“टिटवे, आधी सांग, ढकललं की ते हलतं का?”