कापडावरचं घर

"बाई, नकाशा गेला!"

सहादेव शिपाई धापा टाकत दारात उभा राहिला, तेव्हा प्रेमलाबाई पाठक चहाचा पहिला घोट घेत होत्या. कप तसाच ठेवून त्या निघाल्या. कुणाचा नकाशा, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. शरिफाचाच असणार!

सेहेचाळीस सालची ही गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या त्या गावाचं नाव सांगत नाही; उगाच कुणाचं डोकं फिरायला नको. तिथल्या नगरपालिकेत घर बांधायचा परवाना म्हणजे ओव्हरसियर शामकांतच्या ओसरीवर चपला झिजवणं. शरिफाचं घर पावसात बसलं, नवरा आधीच गेलेला, दोन पोरं घेऊन बाई तट्ट्याच्या आडोशाला राहत होती. शामकांतचं उत्तर ठरलेलं, "उद्या या."

मेंबर झाल्यावर प्रेमलाबाईंनी भांडून नवा नियम करून घेतला. नकाशा पंधरवडाभर व्हरांड्यातल्या फळ्यावर लावायचा. कुणाची हरकत आली तर सगळ्यांसमोर ऐकायची, नाहीतर अध्यक्षांनी थेट सही करायची. ओव्हरसियरच्या ओसरीचा अडसर मधून गेला. आणि पंधरवडा संपायच्या आदल्या दिवशीच नकाशा गायब! मुदत संपताना नकाशा जागेवर नसला, तर नियम रद्द, अशी अट होती; म्हणजे शरिफा पुन्हा त्याच ओसरीवर.

फळ्यावर बाकीचे कागदी नकाशे जागच्या जागी होते. टाचण्या पावसाळी हवेनं गंजलेल्या, कागदांच्या कोपऱ्यांवर तांबूस कडी उमटलेली. शरिफाचा एकटीचा नकाशा कापडी होता. तिचा भाऊ खाजाभाई यानं तो नगरहून काढून आणला होता, खळ चढवलेल्या तलम कापडावर शाईनं. तो गेला होता, पण त्याच्या टाचण्या फळ्याच्या कडेला ओळीनं टोचून ठेवल्या होत्या.

"शेवटचा कधी पाहिलास?"

"सांजच्याला हुता की बाई. म्या न्हाई हात लावला, आईच्यान!"

गावानं मात्र गुन्हेगार ठरवून टाकला होता. शेजारचा लालमहंमद. शरिफाच्या भिंतीनं आपला उजेड अडेल म्हणून त्यानं फळ्यासमोर उभं राहून आरडाओरडा केला होता.

"नकाशा तू काढलास?" बाईंनी त्याला गाठून विचारलं.

"काढायचा कशाला? फाडला असता, आन् समद्यांम्होरं!" लालमहंमद भडकला. "हरकत लिवून दिलीय मी. चोरी कशापायी करू?"

बाईंना ते पटलं. रागावलेला माणूस टाचण्या ओळीनं टोचत बसत नाही.

शामकांत हळहळला. "तरी मी म्हणत होतो. उघड्यावर लावलेली वस्तू, जायचीच. वाऱ्यानं उडाला असेल."

वारा टाचण्या काढतो होय? बाईंनी मनात म्हटलं.

त्याच दुपारी शामकांतच्या मुलीचं बारसं होतं. संशय मनात ठेवून बाई गेल्या. कापड रेशनवर, बायकांच्या अंगावर विटकी लुगडी. पण पाळण्यातल्या पोरीला कसं झुळझुळीत पांढरं झबलं!

"इंदू, एवढं तलम कापड मिळालं कुठं गं?"

"घरातच होतं," शामकांतची बायको खुलून म्हणाली. "रात्रीच पाण्यात भिजवून खळ घालवली आणि सकाळी शिवलं. एवढा एक डाग काही केल्या जाईना बघा."

बाळाच्या गळ्याशी तांबूस कडं होतं, मधोमध बारीक भोक. बाईंनी ओटी घेतली, घुगऱ्या घेतल्या आणि घरी आल्या. रडू येत होतं की संताप, त्यांचं त्यांनाच कळेना.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. शरिफा दाराशी पदर घट्ट धरून उभी. अध्यक्ष रंगनाथराव म्हणाले, "नकाशा नाही, तेव्हा नियम—"

"नकाशा आहे," प्रेमलाबाई उठल्या. "चोरानं टाचण्या कडेला ओळीनं टोचल्या. ही नकाशे लावणाऱ्या-काढणाऱ्याची सवय. ती दोघांनाच, सहादेवला आणि ओव्हरसियरना. नियम बुडाला तर सहादेवला काय मिळणार? शिव्या! आणि शामकांतना त्यांची ओसरी परत मिळणार."

"पुरावा काय?" शामकांत ताडकन उठला.

"पुरावा तुमच्या लेकीच्या अंगावर आहे. शाई खळीबरोबर धुतली गेली, पण झबल्याच्या गळ्याशी आपल्याच फळ्यावरच्या गंजक्या टाचणीचा डाग आहे. बाकीच्या नकाशांचे कोपरे लावून बघा, हवं तर."

"छे! मी तर तो बंबात घालायला दिला होता—"

शामकांतनं जीभ चावली. पण सुटलेला शब्द काय परत येतो?

"तुम्ही दिलात," बाई म्हणाल्या. "पण कापडाच्या अशा दुष्काळात धडधाकट तुकडा बंबात घालणारी बाई या गावात तुम्हाला मिळणार होती का हो? एवढंही आपल्या बायकोचं ठाऊक नाही?"

रंगनाथरावांनी टेबलावर थाप मारली. "चोरीपायी नियम बुडणार नाही. शामकांत, तुमची चौकशी होईल. पण आत्ता इथं बसा आणि तो नकाशा पुन्हा काढा. खाजाभाई मापं सांगेल. लालमहंमदची हरकत सगळ्यांसमोर ऐकू आणि आजच सही करू. आणि ते झबलं पुरावा म्हणून जमा करा."

"नगं साहेब," दारातून आवाज आला. सगळे वळले. शरिफा पुढं झाली.

"झबलं ऱ्हाऊ द्या पोरीच्या अंगावर. उघड्यावरचं लेकरू म्हंजी काय, त्ये मला लई ठावं हाय."

शामकांतनं मान खाली घातली आणि पेन्सिल उचलली. पहिली रेघ त्यानं शरिफाच्या उंबऱ्याची ओढली.