कमी वाईटाची मोहर

कुडाळमध्ये सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि रसिका घाडी जपानमध्ये वाळवणाचे मुळे टांगत होती.

ती बसली होती एका साध्या खुर्चीवर. दोन्ही हातांत कोपरापर्यंत करड्या रंगाचे मोजे होते, डोळ्यांवर चष्मा. तिने हात वर केला की पाव सेकंदाने साडेसहा हजार किलोमीटरवरच्या कामीसावा गावात, चाकांच्या खांबाला बसवलेले दोन यंत्रहात वर होत. त्यांना सगळे 'दूरहात' म्हणत. मुळ्याचं वजन, त्याचा गारठा, दोरीचा काच हे सगळं मोज्यांतून परत येई. वास मात्र येत नसे आणि चवही नाही.

"गाठ सैल आहे, राशिका-सान," ओनोदेरा आजी ओसरीवरून म्हणाली. जपानी जिभेला 'रसिका' जमत नव्हतं. "मुळा पडेल आणि कोल्हा तुला दुवा देईल."

"काल तुम्हीच म्हणालात, घट्ट बांधू नको, मुळा कापला जातो."

"काल मी चुकले. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईने चुकायचंच नाही की काय?"

रसिका हसली. दूरहातांना हसता येत नव्हतं, पण आवाज पोचत होता. या घरी ती तीन वर्षं रोज येत होती. आजीला उठवणं, अंघोळ घालणं, औषध देणं, चुलीत लाकूड सारणं. कुडाळच्या या केंद्रात अशा चाळीस बायका होत्या आणि त्यांची चाळीस घरं जपानच्या डोंगरांत पसरलेली होती. तिथे म्हातारी माणसं उरली होती आणि त्यांना धरायला हात उरले नव्हते.

गाठ आवळताना चष्म्याच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी उमटली. 'ओनोदेरा मित्सुए. कल निश्चित. स्वगृही निवास. खात्री सत्त्याण्णव टक्के. मोहर आज दुपारी चार वाजता.'

रसिकाचे हात थांबले. पाव सेकंदाने तिकडचेही थांबले.

कामीसावात आता अकराच माणसं राहिली होती. या हिवाळ्यापासून तिथला बर्फ काढायला गाडी पाठवणं परवडणार नाही, असं तिथल्या नगरकचेरीने ठरवलं होतं. माणसांपुढे दोन वाटा ठेवल्या होत्या. एक, शहरातल्या मोठ्या वृद्धालयात जायचं. आठव्या मजल्यावर, चौघांच्या खोलीत, आणि परत यायचं नाही. दुसरी, स्वतःच्या घरी राहायचं, पण डिसेंबर ते मार्च रुग्णवाहिका येणार नाही, विजेची हमी नाही आणि दूरहातही बंद. त्या डोंगरात छपरापर्यंत बर्फ चढतो. दुसऱ्या वाटेचा अर्थ काय, हे कुणी कागदावर लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

कुणाला काय हवं, हे तोंडावर विचारणं तिथे अवघड मानतात. म्हातारी माणसं समोरच्याला बरं वाटेल तेच सांगतात. म्हणून 'कलदर्शक' आला. हे यंत्र घरात बसून महिनाभर रोजचं बोलणं ऐकतं, त्यातून माणसाचा कल काढतं आणि कचेरीला कळवतं. त्यावर कचेरीची मोहर उमटली की तो कल कायमचा. कुणाला अवघड प्रश्न विचारावा लागत नाही, कुणाला अवघड उत्तर द्यावं लागत नाही. सेविकेने एकच करायचं. यंत्राने वेगळं काढलेलं वाक्य ऐकायचं आणि माणूस खरंच तसं बोललं असेल तर 'बरोबर' दाबायचं.

रसिकाने चौदा वेळा 'बरोबर' दाबलं होतं.

वाक्य दर वेळी साधारण तेच होतं. शिसेत्सु नि इकु कुराइ नारा, युकि नि उमोरेता हो गा माशि दा. वृद्धालयात जाण्यापेक्षा बर्फात पुरलेलं बरं. रसिका तेव्हा जपानीच्या सगळ्यांत वरच्या परीक्षेचा अभ्यास करत होती आणि ही वाक्यरचना त्याच महिन्यात शिकली होती. शिकलेलं वाक्य खऱ्या माणसाच्या तोंडून आलं म्हणून पहिल्यांदा तिला आनंदच झाला होता. धड्यात शिक्षकांनी बजावलं होतं, 'माशि' म्हणजे चांगलं नव्हे, फक्त कमी वाईट. बोलणाऱ्याला दोन्ही नको असतं. पहिल्याचा राग सांगायला तो दुसऱ्याचं नाव घेतो. रसिकाने ते वहीत लिहून घेतलं, सराव परीक्षेत त्यावर पूर्ण गुण मिळवले आणि तरीही चौदा वेळा बटण दाबलं. कारण आजी तसं बोलली होती, हे खरं होतं.

तिने मोजे काढले आणि ती नेवगी मॅडमच्या टेबलाशी गेली. शुभदा नेवगी केंद्राच्या प्रमुख. बाई करारी, पण मनाने वाईट नव्हत्या.

"मॅडम, ओनोदेरा आजीचा कल चुकलाय."

"तूच दाबलंयस, रसिका. चौदा वेळा. माझ्यासमोर आहे."

"ती बोलली ते बरोबर आहे. पण तिला ते नकोय. माझी आई मला म्हणायची, तुझ्यापेक्षा दगड जन्माला आला असता तर बरं. म्हणून कुणी तिच्या मांडीवर दगड आणून ठेवला का?"

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "मग उलटं वाक्य नोंदव. मी वृद्धालयात जाते, असं ती एकदा म्हणू दे. यंत्र पुन्हा मोजेल."

"म्हणजे आठवा मजला. तेही तिला नकोच आहे."

"तिसरा रकानाच नाही, त्याला मी काय करू? आणि एक लक्षात ठेव. काय हवंय असा थेट प्रश्न विचारायचा नाही. नोंद बाटते. गेल्या वर्षी दुसऱ्या एका गावात तळवडेकरबाईंनी विचारला. त्यांचे मोजे त्याच दिवशी काढून घेतले."

रसिकाने खुर्चीवर काढून ठेवलेल्या मोज्यांकडे पाहिलं. या मोज्यांवर तिचं घर चालत होतं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. गेल्या महिन्यात देवळात पाहिलेलं तिला राहून राहून आठवत होतं.

तिचे वडील दत्ताराम घाडी गावच्या देवळात कौल लावत. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्या दिवशी दोन भाऊ आले होते. आई कुणाकडे राहावी यावरून भांडण. थोरल्याकडे राहावी का? उजवी पडली. त्यांच्या देवळाची रीत अशी की मोठा प्रश्न एकदा घालून सोडत नाहीत, उलटून पुन्हा घालतात. धाकट्याकडे राहावी का? पुन्हा उजवी. भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. वडिलांनी शांतपणे तबक बाजूला ठेवलं.

"दोन्हीकडना होय इला, म्हणजे देवान उत्तर देवक नाय. प्रश्न परत दिलो," ते म्हणाले. मग खांबाला टेकून बसलेल्या म्हातारीकडे वळले. "वयनी, तुमका काय होया?"

तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. म्हातारी म्हणाली, "माका माझी म्हस होयी." सगळे हसले. पण म्हैस होती जुन्या घरी, आणि त्या दिवसापासून म्हातारी जुन्या घरीच राहिली. भाऊ आठवडा वाटून तिच्याकडे जायला लागले.

रसिका खुर्चीवर परत येऊन बसली आणि तिने मोजे चढवले.

"काय करतेस?" मॅडमनी विचारलं.

"प्रश्न उलटून घालते. त्याला तरी नियम आड येत नाही ना?"

मॅडमनी नियमावली उघडली, वाचली आणि मिटली. "नाही. पण पुढे जाऊ नकोस."

कुडाळमध्ये दुपारचे बारा वाजले; कामीसावात साडेतीन झाले होते. आजीच्या ओसरीवर नगरकचेरीचा शिओता आला, तिशीचा, टाय लावलेला. मोहर उमटताना कचेरीचा माणूस हजर लागतो. त्याने आजीला वाकून नमस्कार केला, आजीने त्याला दुप्पट वाकून केला.

"ओनोदेरा-सान," रसिका म्हणाली, "एकटीने बर्फात पुरलं जाण्यापेक्षा वृद्धालय बरं का?"

आजीने विचार केला. "हो. वसंतात गावकऱ्यांनी मला उकरून काढायचं, त्यांचा दिवस वाया जायचा. त्यापेक्षा आठवा मजला बरा."

चष्म्यातली हिरवी पट्टी पिवळी झाली. खात्री सत्त्याण्णववरून चौपन्नावर आली. शिओताने चष्मा सारखा केला. "म्हणजे आता वृद्धालय?"

"आणि वृद्धालयापेक्षा?" रसिकाने विचारलं.

"त्यापेक्षा बर्फ बरा," आजी लगेच म्हणाली.

पट्टी लाल झाली. 'कल ठरत नाही.' पट्टी लाल असताना मोहर उमटत नाही.

शिओता घामाघूम झाला. "राशिका-सान, असं चालणार नाही. यादी आज जायला हवी. दहा घरांवर मोहर झाली आहे, हे शेवटचं. कृपा करून त्यांना एक काहीतरी निवडू द्या."

"दोन्ही नको असलेल्यातून एक निवडायला लावलं, तर ती निवड कुणाची?"

मागून मॅडमचा आवाज आला, "रसिका." तो आवाज रागाचा नव्हता, सावध करणारा होता.

रसिकाने ऐकलं. तळवडेकरबाई तिला आठवल्या. पहिल्या 'बरोबर'च्या वेळी झालेला आनंदही आठवला. तिने दूरहात पुढे केले आणि आजीचे दोन्ही हात हातांत घेतले. ते गार होते, कातडी कागदासारखी पातळ होती.

"ओनोदेरा-सान, तुम्हाला काय हवंय?"

आजीने हात सोडवून घेतले नाहीत. तिची नजर टांगलेल्या मुळ्यांवरून खालच्या उताराकडे गेली. शिओता खाली बघत राहिला. पाच मिनिटं झाली असतील. केंद्रातल्या आजूबाजूच्या बायकांनीही आपापली कामं थांबवली होती.

"खूप वर्षांत हे कुणी विचारलं नाही," शेवटी आजी म्हणाली. "त्यामुळे सांगायला वेळ लागतो." मग सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत तिने सांगितलं, "खाली बंद पडलेली शाळा आहे. तिथल्या मुलांसाठी मी बावीस वर्षं भात शिजवला. मोठं स्वयंपाकघर आहे, भट्टी आहे. हमरस्त्यापासून चारशे पावलांवर. आम्ही अकरा जणांनी हिवाळ्यात तिथे एकत्र राहावं. बर्फ काढायचा तर चारशे पावलांचाच. मार्चमध्ये सगळे आपापल्या घरी. मला हे हवंय. पण याला रकाना नाही ना, म्हणून बोलले नाही."

शिओताने काहीतरी आकडेमोड केली, कारण त्याचे ओठ हलत होते. "चारशे पावलं," तो स्वतःशीच म्हणाला. "एका गाडीला वीस मिनिटं." मग त्याने चष्मा काढून पुसला. "मी दहा दिवस मोहर थांबवू शकतो. त्यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही. आणि राशिका-सान, हा थेट प्रश्न मला वर कळवावा लागेल."

"कळवा," रसिका म्हणाली. "मी विचारला, असंच लिहा. नाव नीट लिहा."

"कळवताना सेवा केंद्राची संमती होती, असंही लिहा," मागून नेवगी मॅडम जपानीत म्हणाल्या. रसिकाने वळून पाहिलं नाही, कारण तिला आता दुसरंच काही दिसत होतं.

अकरा माणसांशिवाय ते स्वयंपाकघर चालणार नव्हतं. आणि दहा घरांवर मोहर झाली होती.

"शिओता-सान, बाकीच्या दहा जणांचा कल काय निघाला?"

त्याने कागद पाहिले. "सात वृद्धालय. तीन स्वगृही. सगळ्यांची खात्री नव्वदच्या वर. कुणाचीही हरकत नव्हती."

"ते काय बोलले होते? शब्द काय होते?"

शिओता वाचत गेला. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला. यापेक्षा ते बरं. त्यापेक्षा हे बरं. पोरांना त्रास देण्यापेक्षा तिकडे पडलेलं बरं. दहाही माणसांच्या तोंडी तेच होतं, आणि दहाही ठिकाणी कुणीतरी 'बरोबर' दाबलं होतं. त्यातली चार घरं याच खोलीतून चालत होती. त्या चौघी उठून रसिकाच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मोहर उमटल्यावर परत विचारता येत नाही," शिओता म्हणाला. "तसा नियम आहे."

"परत कुठे? एकदा तरी कुणी विचारलं होतं का?"

ओसरीवर ओनोदेरा आजी काठी शोधत उठली आणि पायात बूट घालायला लागली.

"तुम्ही कुठे निघालात?" शिओताने घाबरून विचारलं.

"शेजारी," आजी म्हणाली. "या यंत्राला चाकं आहेत ना? राशिका-सान, चल."

रसिकाने मोजे घट्ट केले.

"शिओता-सान," ती म्हणाली, "दहातलं पहिलं घर कुणाचं?"