रायपूरपासून वीतभर

खिशातला पेन आधी बाहेर ओट्यावर ठेवून या. नकाशा बघायला आलात, बघा. फोटो काढा, चहा घ्या. पण लिहायची कुठलीही वस्तू या खोलीत आणायची नाही. का, ते सांगते. सांगताना माझा आवाज चढला तर मनावर घेऊ नका. आमच्या कटरे घराण्यात राग हीच काय ती इस्टेट, आणि ती सगळ्यांना सारखी वाटून मिळाली आहे.

अनुसया माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथं जवळच बिरशीला धावपट्टी झाली, तेव्हा ही परकरातली पोर धानाच्या बांधावर बसून उतरणारी विमानं बघायची. पुढे घरात भांडून नागपूरला गेली आणि विमान चालवायला शिकली. एका इंजिनाच्या, टमटमएवढ्या विमानातून एकटी आफ्रिकेला जाऊन आली. लोक म्हणाले, नशीब होतं म्हणून वाचली. त्यावर चिडून तिनं ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवलं.

प्रत्येक सफरीसाठी ती नकाशांचे दोन संच करायची. एक तिच्या मांडीवर असायचा. त्यावर पेन्सिलीची रेघ, आणि रेघेवर ठरावीक अंतरानं आडव्या बारीक खुणा. घड्याळ बघून ती ताडायची, आता इथं असायला हवं, मग खाली बघायची. आपल्याकडचे तलाव तिच्या फार कामाचे. वरून पाणी चमकलं की घर कुठे ते कळतं, म्हणायची.

दुसरा संच या भिंतीवर. माझे बाबा, यादोराव, गोंदिया स्टेशनात तारबाबू होते. आत्या कुठं उतरली की तिची तार यायची, आणि बाबा संध्याकाळी दवनीवाड्याला घरी येऊन त्या गावापर्यंत रेघ ओढायचे. शेवटचा तुकडा मात्र तार आली तरी ओढायचा नाही. ती बिरशीला उतरून, बैलगाडीनं घरी येऊन, दारातल्या दगडावर पाय धुवून आत आली की मगच. तोवर रेघ उघडी. पाय धुतले म्हणजे माणूस आला, असं बाबांचं होतं. तांब्या भरून ठेवायचं काम माझं. मी तेव्हा पहिलीत होते.

ऑस्ट्रेलियाहून परत येताना तिची शेवटची तार रायपूरची. 'दुपारी निघते, तांब्या भरून ठेवा.' संचातल्या या शेवटच्या नकाशावर रायपूर ते बिरशी म्हणजे माझी एक वीत. समुद्र ओलांडून आलेली बाई त्या वीतभर जागेत नाहीशी झाली. शोधायला माणसं आली, जीपमधून वाटेतलं डोंगरगडचं जंगल बाहेरूनच बघून गेली. पेपरात आलं, बाईमाणसानं असलं धाडस करू नये. तो कागद बाबांनी चुलीत घातला. आजही कुणी ते वाक्य माझ्यासमोर बोललं तर त्याला मी दारात उभं करत नाही.

बाबांनी रेघ रायपूरवरच ठेवली, आणि मरेपर्यंत रोज सांजेला दगडावर तांब्या भरून ठेवला. त्यांच्यामागे मी ठेवत आले. लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं, निवृत्त झाले. लोक मला येडी म्हणत असतील. म्हणोत.

इतकी वर्षं आत्याचं नावही कुणी काढलं नाही, आणि यंदा एकदम ती सगळ्यांची लेक झाली. तिरोड्याचा पुढारी चुन्नीलालभाऊ, त्यानं तिथं नवं सभागृह बांधलं. त्यात मोठमोठ्या माणसांची दालनं. एक दालन आत्याचं. महिनाभरासाठी नकाशा द्या म्हणून तो स्वतः घरी आला, माझ्या पाया पडला, आणि मी दिला. महिना उलटून गेला तरी परत करेना, तेव्हा एका दुपारी मी एसटीनं तिरोड्याला गेले. तेवढंच काम होतं. नकाशा घ्यायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं.

भिंतीवर तो फ्रेममध्ये होता. मी जवळ गेले आणि माझं डोकंच फिरलं. रायपूरच्या पुढं, बाबांनी जन्मभर कोऱ्या ठेवलेल्या त्या वीतभर जागेत, बोटाएवढी जाड लाल रेघ. ऑइलपेंटची. पुढं बाण. बाणाचं टोक बिरशीवरही नाही. एका निळ्या ठिपक्यात घुसलेलं.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

चुन्नीलाल हसला. "अहो बाई, लकीर अधुरी होती. अधुरी चीज फोटोत बरी दिसते का? पेंटरला सांगून पूरी करून घेतली."

"ती पोचली नाही, म्हणून अधुरी होती."

"आता पोचली ना. आणि हॉल तिरोड्याला, तर बाण बिरशीला कायले न्यायचा? तिरोड्याच्या बाजूनं घे म्हटलं."

पेंटरला त्या जुन्या नकाशावर तिरोडा सापडलं नसावं. बाजूला निळं दिसलं, त्यानं तिथं टोक टेकवलं. तो निळा ठिपका म्हणजे चोरखमाऱ्याचा तलाव. मी चुन्नीलालला काय काय बोलले ते सांगत नाही. दालनातली माणसं उठून बाहेर गेली, एवढं पुरे. तो म्हणाला, कार्यक्रम सुरू आहे, संपल्यावर चौकीदार काढून देईल. मग मी तिथंच पायरीवर बसून राहिले. घरचा तांब्या रिकामा आहे, हे त्या रागात माझ्या डोक्यातूनच गेलं.

दिवस बुडाला. थंडीचे दिवस, धान कापून झालेलं, शेतांवर धूर आणि धुकं एकत्र साचलेलं. सगळे गेले. चौकीदार सेवकराम किल्ल्या घेऊन आला, पण दाराशीच थांबला.

"बाई, तुमी थे कागद लवकर घेऊन जा जी," तो हळूच म्हणाला.

"काऊन? काय झालं?"

"मी चोरखमाऱ्याचा. रेघ रंगवली, थ्या दिवसापासून सांजच्याले तलावावर विमान फिरून राह्यलं. दिसत नाई... आवाज येते. खाली खाली येते... मंग बंद. पानी हालत नाई जी. ढिवरायनं जाळे टाकनं सोडून देल्लं."

आत दिवा लावला तर पेट्रोलचा वास. त्याच्याखाली गाळाचा, आटलेल्या तलावाच्या कडेला येतो तसा. सेवकरामनं फ्रेम उतरवली, मी मागची पाटी काढली. कागद कोरडा होता. फक्त बाणाच्या टोकाशी, त्या निळ्या ठिपक्यावर ओलावा होता. मी बोट लावलं. बोटाला काळा गाळ आला.

मला भीती वाटायला हवी होती. मला संताप आला. घरी यायला निघालेल्या बाईला यांनी तलावात उतरवली होती, आणि वर हारतुरे घेतले होते. कोपऱ्यात पेंटरचा टर्पेंटाइनचा डबा पडला होता. मी पदर भिजवला आणि ती लाल रेघ पुसायला लागले.

"बाई... आयका," सेवकराम म्हणाला.

दक्षिणेकडून आवाज येत होता. एका इंजिनाचा, अडखळत. तो सभागृहावर आला आणि गोल फिरायला लागला. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. मी पुसत राहिले. रंग निघाला तशी त्याच्याखाली पेन्सिलीची रेघ दिसली.

बाबांनी तिथं कधीच रेघ ओढली नव्हती. ही बारीक होती, आणि तिच्यावर आडव्या खुणा होत्या. आत्या करायची तशा. रायपूरपासून निघून ती रेघ बिरशीलाही वळली नव्हती. सरळ दवनीवाड्याकडे आली होती, आमच्या घराकडे, आणि नखाएवढं अंतर राहिलं असताना थांबली होती.

डोक्यावरचा आवाज वळला आणि दवनीवाड्याच्या दिशेनं निघून गेला. तेव्हा मला तांब्या आठवला.

"सेवकराम, मला घरी सोड. आत्ता."

त्यानं मोटारसायकल काढली. नकाशाची सुरळी मी छातीशी धरली होती. रस्ताभर धुक्यात आमच्यापुढं तो आवाज होता. दवनीवाडा आलं आणि तो बंद पडला.

दाराला कुलूप तसंच होतं. दगडावर तांब्या आडवा पडलेला, कोरडा ठणठणीत. मी कुलूप काढलं, दिवा लावला. दारापासून आत चिखलाची पावलं गेली होती. अनवाणी, बाईची. या भिंतीपर्यंत, जिथं नकाशा असायचा. तिथं ती बराच वेळ उभी राहिली असावी, कारण तिथं गाळाचं थारोळं झालं होतं. बाहेर जाणारी पावलं नव्हती.

एवढी वर्षं एकही सांज चुकवली नव्हती मी. नेमकी ती आली त्या सांजेला घरात पाणी नव्हतं. चुन्नीलालला मी त्यासाठी कधी माफ करणार नाही. स्वतःला तर नाहीच.

मी नकाशा जागेवर लावला. दुसऱ्या दिवसापासून तांब्या काठोकाठ भरून ठेवते. सकाळी तो रिकामा असतो, दगड ओला असतो. आणि तरी आतली पावलं चिखलाचीच असतात. ती पाणी ओतून देते, पाय धूत नाही. रागावली आहे. रागवावंच तिनं. पण मीही त्याच घरची. पाय धुतल्याशिवाय रेघ ओढायची नाही, हा बाबांचा नेम. धुतलेल्या पायानं येईल ती माझी आत्या. तलावातला गाळ घेऊन जे या भिंतीशी उभं राहतं, त्याला मी या घरात कायमचं कसं घेऊ? एका सकाळी मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "आत्या, आधी पाय धू. मग ओढते."

त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांची पेन्सिल माझ्या उशाशी होती. डब्यातली, कित्येक वर्षं न काढलेली. टोक ताजं केलेलं, उशीवर लाकडाचा भुसा. मी ती परत डब्यात घालून वर कुलूप लावलं. सकाळी पुन्हा उशाशी, थोडी आखूड. मी ओढत नाही, ती टोक काढायचं सोडत नाही. मध्ये गोंदियाहून एक मुलगी आली होती फोटो काढायला. तिचा पेन इथं राहिला. सकाळी जागी झाले तर मी अनवाणी या भिंतीशी उभी होते, पेन माझ्या मुठीत, आणि टोक कागदाला टेकायचं तेवढं राहिलं होतं. म्हणून तुमचा बाहेर ठेवायला लावला.

पेन्सिल परवा संपली. मी सुटले असं वाटलं. काल निवांत झोपले.

हा माझा उजवा हात. या बोटाचं नख बघा, दोन्ही बाजूंनी कसं तासलंय. नखाचा भुसा अजून उशीवरच आहे, मी झटकलेला नाही.