साडेआठ फुटांपर्यंतची चित्रं

"ती खुर्ची? ती तर आत्ताच गेली. अर्धा तासही झाला नसेल," दुकानदारकाका म्हणाले आणि माझा चेहरा बघून स्वतःच ओशाळले.

तीन महिने मी तसल्या खुर्च्यांच्या मागावर होते. आई बावीस वर्षं एका शाळेच्या कँटीनमध्ये राबून निवृत्त झाली होती, आणि आम्ही मायलेकी चित्रकारांच्या या वस्तीत आमचं स्वतःचं छोटंसं हॉटेल काढत होतो. चार टेबलं, एक मोठी खिडकी. स्वयंपाक आईचा, लाकूडकाम माझं. जुनं फर्निचर दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा धंदाच. खिडकीजवळच्या टेबलासाठी पानाच्या आकाराची पाठ असलेल्या पाच खुर्च्या मी इथल्या पाच जुन्या दुकानांतून हुडकून काढल्या होत्या. सहावी काल दिसली, तेव्हा काका शटर ओढत होते. आणि आज...

"नेली कोणी?"

"साडेआठनं."

"काका, मी वेळ नाही विचारली, माणूस विचारला."

"अहो, माणूसच तो! चित्रकार आहे. लाँड्रीच्या भिंतीपाशी सापडेल."

लाँड्रीच्या भिंतीवर एक अजस्र निळा देवमासा अर्धवट पोहत होता. त्याच्या शेपटीपाशी, माझ्या खुर्चीवर, चक्क बुटांसकट, एक हडकुळा तरुण ब्रश घेऊन उभा होता.

"खाली उतरा!" मी ओरडले.

"आत्ता?" त्यानं वळूनही पाहिलं नाही. "निळा ओला आहे हो."

"आधी उतरा. ती खुर्ची बसायची आहे, उभं राहायची नाही."

आता तो वळला. नाकाच्या शेंड्यावर निळा ठिपका, आणि डोळ्यांत असं काही हसू, की मी पुढचं वाक्य विसरलेच.

"बसून रंगवला तर मासा फार बुटका होईल," तो म्हणाला. "तुमची आहे का ही?"

"माझीच. म्हणजे... होणार होती."

"अस्सं. मग आपल्या दोघांचाही हिच्यावर जीव आहे म्हणा ना."

मी गाल फुगवून त्याला सगळं सांगितलं. आई, हॉटेल, पाच खुर्च्या, पुढच्या रविवारचं उद्घाटन. तो खाली उतरून, हात पुसत, एकेक शब्द ऐकत होता. ऐकणारी माणसं मला धोकादायक वाटतात. आपण नको तेवढं बोलून बसतो.

"मासा पूर्ण व्हायला चार दिवस लागतील," शेवटी तो म्हणाला. "पाचव्या दिवशी खुर्ची तुमची. तोवर रोज येऊन बघून जा, ती धडधाकट आहे की नाही. चालेल?"

"रोज कशाला येऊ?"

"नका येऊ. पण मग मी उड्या मारणार तिच्यावर."

दुसऱ्या दिवशी मी गेले. फक्त खुर्ची बघायला, असं आईला सांगून. सोबत माझी पाच पायऱ्यांची घडीची शिडी नेली होती. म्हटलं, याला ही देऊ आणि खुर्ची आजच सोडवू. शिडी बघून त्याचं हसू मावळलं. एक पायरी चढला, दुसरी चढला... आणि तिथेच थिजला. शिडी धरलेली त्याची बोटं पांढरीफटक पडली होती.

"उतरा," मी हळूच म्हणाले. "सावकाश. मी धरलंय."

खाली आल्यावर तो फुटपाथवर बसला. मीही बसले.

"खुर्चीएवढं जमतं," तो म्हणाला. "त्याच्या वर गेलो की माझे पाय माझं ऐकत नाहीत. शेजाऱ्यांचे पाय असल्यासारखे वागतात. लहानपणापासून असंच. म्हणून सगळी चित्रं साडेआठ फुटांपर्यंत. नाव कसं पडलं, कळलं ना?"

मला हसू आलं नाही. का कोण जाणे, त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. मी तो हात पटकन शिडीवर ठेवला.

"बाकीची चित्रं दाखवा ना," मी म्हणाले.

मग ती अख्खी दुपार आम्ही वस्तीभर भटकलो. इतरांची चित्रं गच्चीपर्यंत पोचलेली. कुठे चार मजली मोर, कुठे खिडक्यांमधून बाहेर झुकणारी बाई. आणि याची? चाव्या बनवणाऱ्याच्या भिंतीवर लांबलचक सुसर. तिच्या नाकावर येणारंजाणारं प्रत्येक पोर हात फिरवतं म्हणून नाक दर महिन्याला नव्यानं रंगवावं लागतं. गॅरेजला टेकून बसलेला उंट. आणि पोस्टाच्या मागच्या बोळात एक जिराफ — मान खाली घालून, पायाखालच्या मुंगीशी बोलणारा. मी पोट धरून हसले.

"काय सांगतोय तो मुंगीला?"

"विचारतोय, वरची हवा बरी की खालची?"

"आणि मुंगी?"

"मुंगी म्हणते, मला काय विचारतोस, मी तर आजच या वस्तीत आलेय."

"मी आज नाही आलेय. तीन महिने झाले!"

"मी कुठे तुम्हाला मुंगी म्हटलं, सुतारीणबाई?"

जुन्या चष्म्यांच्या दुकानात त्यानं मला मांजरीच्या डोळ्यांसारखी फ्रेम घालायला लावली आणि स्वतः एक गोल चष्मा घालून अगदी गंभीरपणे म्हणाला, "तुमचा रिपोर्ट चांगला नाही. रोज माझ्यासोबत दोन तास चालावं लागेल." रेडिओंच्या दुकानात एका डब्यातून फक्त खरखर येत होती. तरी मालक तो बंद करेना, म्हणे गरम व्हायला वेळ लागतो. आम्ही वाट बघत उभे राहिलो, इतके जवळ, की त्याच्या शर्टाचा टर्पेंटाइनचा वास मला येत होता. रेडिओ काही गरम झाला नाही. माझे कान मात्र झाले.

शेवटी कोपऱ्यावरच्या टपरीवजा हॉटेलात, उंच स्टुलांवर बसून, आम्ही टोमॅटोचं सूप प्यायलो. तो त्या स्टुलावर बसताना काउंटर घट्ट धरून होता. मी पाहिलं. त्यानं, मी पाहिलेलं पाहिलं.

तिथेच त्याच्याकडून मला आमच्या समोरच्या भिंतीचं कळलं. आमच्या हॉटेलासमोर एक तीन मजली इमारत होती, तिची कोरी पांढरी बाजू बरोबर आमच्या खिडकीत येई. गल्लीच्या कमिटीच्या काकूंनी ती रंगवायला त्याला दोनदा विचारलं होतं. त्यानं दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं. बाकीचे चित्रकार आपापल्या कामांत अडकलेले. शुक्रवारपर्यंत कोणी मिळालं नाही, तर तिथे गाद्यांची जाहिरात लागणार होती.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. ती कांदा चिरायची थांबली. "समोर एवढी मोठी गादी बघून गिऱ्हाईक जेवेल की झोपेल?"

आता इथे मी जे केलं, ते आजही सांगताना मला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी काकू दारात भेटल्या, आणि मी म्हणून बसले, "तो करेल, काकू. मी करते त्याला तयार." म्हटलं, थोडा धीर दिला की चढेल. आणि खरं सांगायचं, तर मला ती गादी खिडकीत नको होती.

दुपारपर्यंत अख्खी गल्ली त्याचं अभिनंदन करून मोकळी झाली.

तो आमच्या दारात आला तेव्हा डोळ्यांतलं हसू नव्हतं. "माझ्या पायांच्या वतीनं होकार तुम्ही दिलात?"

"मला वाटलं..."

"तुम्हालाही वाटलं, एक धक्का दिला की जमेल याला. सगळ्यांना तेच वाटत आलंय. जिराफ बघून तुम्ही हसलात. मला नाही हसलात. म्हणून मला..."

वाक्य तसंच टाकून तो निघून गेला.

पाचव्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यापाशी खुर्ची. रंगाचा एक शिंतोडा नाही. पायांच्या खाचांतूनसुद्धा सुईनं कोरून रंग काढलेला. मी फर्निचरवाली आहे, मला ठाऊक आहे की या कामाला किती तास लागतात. मी धावत लाँड्रीपाशी गेले. देवमासा पूर्ण झाला होता. चित्रकार नव्हता.

"सहाच्या सहा खुर्च्या झाल्या," आई म्हणाली, "आणि तुझं तोंड असं, की जशा काही घरातल्या तीन गेल्यात."

मग मी तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मी डब्यात काही भरायला लागले तशी म्हणाली, "रिकाम्या हातानं जा. खायचं नेलंस की माणूस खाण्याकडे बघतो, माफी तशीच राहते."

मी आधी काकूंकडे गेले. "मी त्याला न विचारता बोलले, काकू. चूक माझी. तो होकार माझा होता, तो मी परत घेते." काकूंनी कपाळाला हात लावला, पण वहीत खाडाखोड केली. मग मी त्याला शोधत निघाले. तो सुसरीच्या नाकापाशी उकिडवा बसला होता.

"मी काकूंना 'नाही' म्हणून सांगून आले," मी म्हणाले. "तुमच्या वतीनं पुन्हा कधी काही बोलणार नाही. आणि... तुम्ही आहात तेवढ्या उंचीवर मला तुम्ही आवडता. म्हणजे तुमची चित्रं. चित्रं आवडतात."

त्यानं नाकावरून ब्रश उचलला. मग खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला.

"राग आला की माझा हात चालतो," तो म्हणाला.

कागदावर ती तीन मजली भिंत होती. खिडकीपासून खिडकीपर्यंत, तळापासून वरपर्यंत, आडव्या दोऱ्याच दोऱ्या, आणि त्यांवर वाळत घातलेले कपडे. शर्ट, फ्रॉक, चादरी, मोजे, एक आडमाप पायजमा. सगळे वाऱ्यावर फुगलेले.

"किती छान! पण हे वरपर्यंत..."

"मी नाही रंगवणार. तुम्ही रंगवणार. तुम्हाला वर जायला भीती वाटते?"

"मला? मी लोकांची छपरं ठोकते. पण मी जन्मात चित्र काढलं नाही!"

"पॉलिश करता ना? तेच समजा. फक्त खुर्ची तीन मजली आहे." आणि ते हसू परत आलं. "मी खाली उभा राहून सांगेन. करायचं?"

यावेळी तो विचारत होता. आणि होकार माझ्याच वतीनं द्यायचा होता. दिला.

काकूंनी परांची बांधून दिली, कमरेचा पट्टा दिला आणि त्याला शाळेच्या खेळांच्या दिवशी वापरतात तो भोंगा. बाकी रंग आणि माणसं गल्लीनं पुरवली. खालच्या दोऱ्या तो खुर्चीएवढ्या एका लाकडी खोक्यावर उभा राहून रंगवी. वरच्यांसाठी मी चढे आणि भोंग्यातून आवाज येई, "डावीकडे... अजून डावीकडे... सुतारीणबाई, तो मोजा आहे, भोपळा नाही!" गल्लीतली माणसं चहाचे कप घेऊन खुर्च्या टाकून बसू लागली. लाँड्रीवाले मामा तर इस्त्रीचा सल्लाही देत, "त्या बाहीला चुणी नको!"

शनिवारी दुपारी फक्त सगळ्यात वरची दोरी राहिली. रविवारी आमचं उद्घाटन. ऊन स्वच्छ होतं, वारा अंगाला लागत होता, आणि वरून सगळी वस्ती दिसत होती, मोर, उंट, धुराडी.

"इथे काय काढू?" मी वरून ओरडले. "कागदावर ही दोरी रिकामीच आहे."

भोंगा नुसताच खरखरला. मग आवाज आला, "एक शर्ट. रंगांचे डाग पडलेला."

मी काढला. बाह्या जरा लांब झाल्या. "झाला. शेजारी?"

"शेजारी... एक एप्रन. खिशात करवत असलेला."

माझा हात थांबला. खाली बघितलं. चहाचे कप हवेतच राहिले होते. लाँड्रीवाले मामा उभे राहिले होते.

"एकाच दोरीवर?" मी विचारलं. भोंगा माझ्याकडे नव्हता, तरी ते गल्लीभर ऐकू गेलं असावं.

"एकाच दोरीवर," तो म्हणाला. "तुमची हरकत नसेल तर. आणि... मधे चिमटा एकच. शर्टाच्या बाहीला आणि एप्रनच्या नाडीला मिळून."

"एक चिमटा पुरेल?"

"वारा किती आहे त्यावर अवलंबून." त्यानं भोंगा दोन्ही हातांनी धरला. "मला तू फार आवडतेस. चित्रांबद्दल नाही बोलत मी."

तू! साऱ्या गल्लीदेखत!

मी एप्रन काढला. वाकडाच आला. चिमटा मात्र असा रेखला, की तसा नेमका चिमटा भल्याभल्यांना जमायचा नाही. मग ब्रश दातांत धरून मी भराभरा उतरायला लागले. निम्म्यात पोचले तर खाली गलका. वाकून पाहते, तर हा परांचीच्या शिडीवर. एक पायरी. दुसरी. तिसरी. आणि तिसरीवर डोळे गच्च मिटून, खांब मिठीत घेऊन उभा.

"अरे, खाली थांब ना! मी येतच होते," मी त्याच्या वरच्या पायरीवर येऊन म्हणाले.

"मला वाटलं, तू उत्तर न देताच उतरून निघून जाशील."

"डोळे उघड."

"नाही जमणार."

"बरं, मग असंच ऐक." मी त्याच्या कानापाशी झुकले आणि जे सांगितलं, ते गल्लीला ऐकू गेलं नाही. गल्लीला फक्त एवढंच दिसलं, की साडेआठनं डोळे उघडले.

खालून आईनं हाक मारली, "उतरा आता दोघंही! मासे भाजून तयार आहेत, आणि उद्घाटन उद्या असलं तरी भूक आजच लागलीय सगळ्यांना!"

"आधी तू उतर," तो म्हणाला.

"नाही," मी त्याचा हात धरत म्हणाले. "बरोबर."