दोन गाड्या, एक व्हरांडा

मोताळ्याहून धामणगाव बढेला जाणाऱ्या बसमध्ये त्या सकाळी अर्पिता उभीच होती. एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात प्लास्टिकची बरणी आणि बरणीत नववीच्या वर्गासाठी घेतलेल्या रंगीत गोट्या. वळणावर शेळ्या आडव्या आल्या, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला… ती कशीबशी सावरली, पण बरणीचं झाकण उडालं आणि गोट्या टणटण करत पार ड्रायव्हरच्या सीटपर्यंत पळाल्या.

सगळी बस हसली. एकच जण हसला नाही. मांडीवरचं लोखंडी चाक बाजूला ठेवून तो खाली गुडघ्यांवर बसला आणि सीटांखालून एकेक गोटी वेचू लागला.

"घ्या मॅडम. मोजून घ्या."

"थँक्यू हं…"

"एक इचारू? बस थांबली, मंग ह्या काऊन नाई थांबल्या?"

थट्टा करतोय की काय, म्हणून अर्पिताने त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे जरासे लाल होते, पण प्रश्न खरा होता.

"ब्रेक बसला लागला. गोट्यांना कुणी लावला? त्या बसबरोबर चालल्या होत्या, तशाच चालत राहिल्या. याला जडत्व म्हणतात."

"म्हंजे थांबलेलं थांबून राह्यते, अन् चाललेलं चालून राह्यते?"

"हो. बाहेरून कुणी बल लावेपर्यंत."

"असं कोनी सांगतलं असतं तं…" तो बोलता बोलता थांबला. गाव आलं होतं. चाक खांद्यावर टाकून तो उतरून गेला.

अर्पिता जळगाव जामोदची. एम.एस्सी. झालेली, धामणगावच्या शाळेत तासिकांवर शिकवायची आणि एक खोली घेऊन राहायची. त्या आठवड्यात मुलांनी तिला पेचात पकडलं. पुस्तक म्हणतं, अडवलं नाही तर वस्तू चालतच राहते. मुलं म्हणाली, "मॅडम, पायडल मारनं सोडलं का सायकल थांबतेच नं!" त्यांना दाखवायला एखादी गाडी हवी होती. बाजाराच्या तोंडाशी वेल्डिंगचं दुकान आहे, असं कुणीतरी सांगितलं. ती तिथे गेली, तर काळा चष्मा वर सरकवून समोर तोच उभा.

"गोट्या पुऱ्या भरल्या का, मॅडम?"

त्याचं नाव गोविंदा. गाडी कशी हवी ते त्याने मन लावून ऐकलं.

"कधीच न थांबनारी पायजे?"

"तशी या जगात होत नाही."

"जेवढी होईन तेवढी करू."

चार दिवसांनी तो शाळेच्या व्हरांड्यात गाडी घेऊन आला. माणूस बसेल एवढी सागाची फळी, खाली जळालेल्या मोटारीतून काढलेल्या चार बेअरिंग, रॉकेलमध्ये धुऊन तेल दिलेल्या. एका बोटाने हलकेच ढकलली, तर गाडी बावीस फरशा गेली. मग त्याने खाली पोतं अंथरलं आणि तेवढंच ढकललं. चौथ्या फरशीवर ती अडली.

"पाहा. अडवते थे पोतं. गाडीले सोताहून थांबायचं नाई."

अर्पिता त्याच्याकडे बघतच राहिली. जे सांगायला तिला दोन तास लागत, ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं होतं.

"तुम्ही विज्ञान कुठवर शिकलात?"

"दहावी नापास. विज्ञानातच." तो हसला, पण मान खाली घालून. "व्याख्या पाठ होये नाई. चाक समजे, चाकाची व्याख्या नाई समजे."

त्यानंतर तो दर शनिवारी, अर्धी शाळा सुटली की, काही ना काही घेऊन यायचा. कधी कप्पी, कधी स्प्रिंग… आणि एकदा तशीच दुसरी गाडी. दोघं दोन गाड्यांवर समोरासमोर बसले. तळव्याला तळवा लागला, आणि क्षणभर कुणीच ढकललं नाही.

"ढकला नं, मॅडम."

तिने ढकललं. तो मागे गेला आणि ती त्याच्याहून लांब, पार खांबापर्यंत.

"आँ? ढकललं तुमी, अन् सरकलेही तुमीच?"

"बल दोघांनाही सारखंच लागतं. मी हलकी, म्हणून मी लांब गेले."

"म्हंजे लांब तुमीच जानार." तो सहज बोलून गेला.

"मले नाई जायचं लांब," अर्पिता म्हणाली. शाळेत कधी न बोललेली घरची बोली अशी अचानक ओठांवर आली, आणि तिचे कान तापले.

पण जूनमध्ये ऑर्डर आली. नोकरी कायमची होती, पण गाव सुलतानपूर. जिल्ह्याच्या त्या टोकाला, तीन बस बदलून. गोविंदाच्या आईने, सोजराबाईने, लेकाच्या तोंडाकडे पाहून ओळखलं. "लेका, थे मास्तरीन हाय. तू धुरात बसनारा. उगा जिवाले लावून घेऊ नको." तरी तो अर्पिताला बसवायला स्टँडवर आला, बॅग वर ठेवली, "जपून जाजा" एवढंच म्हणाला. खिडकीतून ती वाट पाहत राहिली… पुढचं वाक्य आलंच नाही.

सुलतानपुरात तिचं मन रमेना. व्हॉट्सअॅपवर त्याचे निरोप यायचे, तेही प्रश्नच. झोका वर गेल्यावर क्षणभर थांबतो काऊन? बैल सुटल्यावर बंडी मागं सरकते काऊन? ती लांबलचक उत्तरं लिहायची, आणि जे लिहायचं होतं ते पुसून टाकायची.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो तिच्या दारात उभा होता. शर्टाला इस्त्री, हातात सीताफळांची पिशवी.

"मेहकरले गेट बसवायचं होतं," तो म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. "नाई. खोटं हाय. गेट-बिट काई नाई."

"मग?"

"परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरला. मार्चात दहावी देतो. पास झालो का मंग येईन अन् बोलीन, असं ठरवलं होतं."

"आत्ता तर नोव्हेंबर आहे."

"हाव… नाई राह्यवलं." त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मॅडम, मी दहावी नापास हाय. हाताले चटके, कपड्याले वास. तुमी म्हनान तं ह्याच बसनं वापस जातो, अन् काई वाईट नाई मानत. पन मले तुमी लय आवडता."

अर्पिताने त्याच्या हातातली पिशवी घेतली. बोटांवर ठिणग्यांचे जुने डाग होते. ते हात तिने धरले आणि सोडले नाहीत.

"दहावीचं म्या इचारलं का तुमाले कधी?"

"नाई."

"मंग? पाच महिने वाट पाह्यली, अन् तुमी झोक्याचं इचारत बसले!" तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "मलेबी तुमीच पायजे, गोविंदा. अन् आता मॅडम म्हननं बंद."

पहिल्यांदाच तिने त्याला नावाने हाक मारली होती. तो दाराच्या चौकटीला टेकला.

"तुमच्या बाबाले कोन सांगन?" त्याने विचारलं.

"तुमीच. पुढच्या रविवारी जळगावले या. पन बाबाची वांग्याची तोडनी हाय. आलेल्या पाहुन्याले थे आधी वावरात नेतात, मंगच बोलतात."

"किती वांगे तोडा लागतीन?"

"थे त्याईच्या मनावर."

"सकाळच्या पहिल्या बसनंच येतो मंग," गोविंदा म्हणाला आणि चप्पल काढून घरात आला.